साक्षीदार तुम्हीच आणाल का?

प्रश्न थोडक्यात असा. सासरे हिवाळ्यापासून न्यू जर्सीत, एडिसनला मुलाकडे राहायला आले आहेत. ऑरलँडोजवळचा त्यांचा कॉन्डो त्यांना मुलाच्या नावावर करायचाय. फ्लोरिडाच्या वकिलांनी डीड, म्हणजे मालकी दुसऱ्याच्या नावावर करण्याचा दस्त, तयार करून ईमेलने पाठवली आणि सांगितलं की नोटरीसमोर सही करा, दोन साक्षीदार लागतील. घरी येणाऱ्या एका नोटरीबाईंना फोन केला तर त्या म्हणाल्या, ‘एक साक्षीदार मी होते, दुसरा तुम्ही बघा. नाहीच मिळाला तर मी माणूस आणते, त्याचे पैसे वेगळे.’ त्यात सासऱ्यांचं पाकीट हरवलं, लायसन्स त्यातच होतं, आणि पासपोर्ट नूतनीकरणाला गेलेला. तेव्हा सूनबाई विचारतात: नोटरीच साक्षीदार कशी होते? पैसे घेऊन माणूस आणणं कायद्यात बसतं का? आणि दोन साक्षीदार असणारच आहेत, तर तेच बाबांची ओळख पटवतील, मग ओळखपत्राशिवाय भागेल ना?

पहिल्यात काही वावगं नाही. दुसऱ्यातही नाही, पण थोडं समजून घ्यायला हवं. तिसरं मात्र जमणार नाही, आणि माझा निम्मा वेळ लोकांना ते का जमत नाही हेच सांगण्यात जातो.

आधी माझ्याबद्दल एक गोष्ट. मी चौदा वर्षं मिडलसेक्स काउंटीत आणि आसपास गाडी घेऊन फिरते आणि लोकांच्या स्वयंपाकघरातल्या टेबलांवर शिक्के मारते. मी वकील नाही. भारतात नोटरी व्हायला आधी वर्षानुवर्षं वकिली केलेली असावी लागते, त्यामुळे आपली माणसं मला सहज विचारतात, ‘ताई, यावर किती साक्षीदार लागतील? एक पुरेल का?’ इथल्या नोटरीला त्याचं उत्तर देण्याचा अधिकारच नाही. मी सुरुवात केली तेव्हा न्यू जर्सीत परीक्षासुद्धा नव्हती. आता नव्या लोकांना सहा तासांचा कोर्स आणि एक परीक्षा द्यावी लागते, एवढंच. सही करणारा माणूस तोच आहे ना, तो राजीखुशीने सही करतोय ना, हे पाहून मी तसा दाखला देते. कागदाला किती साक्षीदार लागतात, कोणते चालतात, हे ज्याने कागद बनवला त्याने सांगायचं. तुमच्या बाबतीत फ्लोरिडाच्या वकिलांनी ते सांगितलंय, हे उत्तम.

आता मूळ गोंधळ. आपण ‘साक्षीदार’ एवढा एकच शब्द वापरतो, पण नोटरीच्या कामात त्याखाली तीन वेगळी माणसं असतात.

पहिला, कागदाचा साक्षीदार. समोरच्याने सही केली ती याने डोळ्यांनी पाहिली, म्हणून त्याने खाली स्वतःची सही केली. तो सही करणाऱ्याला ओळखत नसला तरी बिघडत नाही. रस्त्यावरून जाणारा सज्ञान माणूसही चालतो, फक्त त्याचा त्या कागदात काही लाभ नसावा. दुसरा, ओळख पटवणारा साक्षीदार. सही करणाऱ्याकडे ओळखपत्र नसेल आणि नोटरी त्याला स्वतः ओळखत नसेल, तर हा माणूस नोटरीसमोर शपथ घेऊन सांगतो की मी यांना व्यक्तिशः ओळखतो, हे तेच आहेत. तिसरा सहसा भेटतच नाही: मूळ माणूस नोटरीपुढे येऊ शकत नाही, तेव्हा त्याची सही होताना हजर असलेला माणूस पुढे येऊन शपथेवर तसं सांगतो. कॅलिफोर्नियात हा प्रकार घराच्या डीडला चालतच नाही. मी चौदा वर्षांत दोनदा पाहिला, दोन्ही वेळा परत पाठवला.

मोबाइल नोटरी, म्हणजे घरी येणारी माझ्यासारखी नोटरी, जो माणूस ‘आणून देते’ तो पहिला. दुसरा ती आणूच शकत नाही. माझ्या ओळखीतला एखादा सद्गृहस्थ तुमच्या सासऱ्यांना आज पहिल्यांदा भेटणार आणि शपथेवर म्हणणार की मी यांना ओळखतो? ती खोटी शपथ झाली, आणि ती घ्यायला लावणारी मी.

हे आपल्या लोकांना पटायला जड जातं, आणि त्याचं कारण मला ठाऊक आहे. महाराष्ट्रात दुय्यम निबंधकाच्या कचेरीत ज्यांनी कधी दस्त नोंदवलाय, त्यांनी तो छापील मजकूर पाहिला असेल: ‘खालील इसम असे निवेदीत करतात की ते दस्तऐवज करून देणाऱ्यांना व्यक्तीशः ओळखतात, व त्यांची ओळख पटवितात.’ त्याखाली दोन नावं, दोन फोटो, दोन अंगठे. आमच्या आईच्या फ्लॅटच्या वेळी ही ‘व्यक्तीशः ओळखणारी’ दोन माणसं एजंटानेच उभी केली होती. त्यातल्या एकाने अंगठा देऊन झाल्यावर हळूच मला विचारलं, ‘यातल्या विकणाऱ्या बाई कुठल्या?’ तेव्हा आम्ही हसलो होतो. बारा वर्षांनी मी इथे तेच काम करू लागले, तेव्हा ते हसू आठवून अंगावर काटा आला. तर साक्षीदार म्हणजे सहीपुरतं माणूस, आणि तो एजंटानेच द्यायचा, हे आपल्या हाडीमाशी मुरलेलं आहे. म्हणूनच फोनवरचं पहिलं वाक्य असतं, ‘साक्षीदार तुम्हीच आणाल ना?’

मी तेव्हा उलट विचारते, कसला साक्षीदार? कागद समोर ठेवा आणि साक्षीदाराच्या ओळीवर काय छापलंय ते वाचून दाखवा. बहुतेक वेळा लोकांना तेव्हाच कळतं की कागदात साक्षीदाराची ओळच नाही. कॅलिफोर्नियातल्या किंवा न्यू जर्सीतल्या घराच्या डीडला नोटरी पुरते. शेजाऱ्यांनी सांगितलेलं असतं की लागतात, म्हणून हे दोघांना चहाला बोलावून बसलेले.

फ्लोरिडाची गोष्ट वेगळी. तिथल्या जमिनीच्या किंवा घराच्या डीडवर दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात, मग सही जगात कुठेही होवो. त्यातला एक साक्षीदार नोटरी स्वतः असली तरी फ्लोरिडाला चालतं, आणि ही तिथली रोजची पद्धत आहे. त्यामुळे तुमच्या नोटरीबाई काही वेडंवाकडं बोलल्या नाहीत. फक्त त्यांना दोन ठिकाणी सही करावी लागेल, एकदा साक्षीदाराच्या ओळीवर आणि एकदा नोटरीच्या चौकटीत. मी सुरुवातीच्या वर्षी एका डीडवर फक्त नोटरी म्हणून सही केली आणि साक्षीदाराची ओळ कोरी ठेवून कागद कुरिअरने रवाना केला. दहा दिवसांनी नोंदणी कार्यालयातून तो परत आला. डीडवर सही करणाऱ्या गृहस्थांना तेवढ्यात नागपूरला जायचं होतं, विमान दुसऱ्या दिवशी. रात्री साडेनऊला न्यूअर्क विमानतळाजवळच्या एका हॉटेलच्या लॉबीत नव्या प्रतीवर पुन्हा सह्या झाल्या आणि पैसे अर्थातच मी घेतले नाहीत. तेव्हापासून कागदांची पिशवी बंद करण्याआधी मी प्रत्येक ओळीवरून बोट फिरवते.

अजून एक बदल बऱ्याच जुन्या मसुद्यांमध्ये आलेला नसतो. १ जानेवारी २०२४ पासून फ्लोरिडात नोंदवायच्या अशा कागदावर प्रत्येक साक्षीदाराचं छापील नाव तर लागतंच, शिवाय त्याचा टपालाचा पत्ताही लागतो. हा पत्ता सार्वजनिक नोंदीत जातो आणि तिथेच राहतो. शेजारच्या काकूंना हे सही झाल्यावर सांगितलंत तर त्या बिचकतील, म्हणून बोलावतानाच सांगा. मी ज्यांना नेते त्यांनाही हे आधी सांगते. एकाने या कारणावरून येणंच बंद केलं, आणि मला त्यात काही चुकीचं वाटलं नाही.

नोटरीच साक्षीदार, हे सगळीकडे चालतं असं मात्र समजू नका. न्यूयॉर्कमध्ये १३ जून २०२१ पासून पॉवर ऑफ ॲटर्नीला नोटरीबरोबर दोन साक्षीदार लागू लागले, आणि त्यातला एक नोटरी असू शकते. नदीपलीकडे पेनसिल्व्हेनियात पॉवर ऑफ ॲटर्नीला दोन साक्षीदार आणि नोटरी लागतात, पण तिथे नोटरी साक्षीदार होऊ शकत नाही, आणि ज्याला अधिकार दिलेत तोही नाही. म्हणजे खोलीत सही करणारा धरून किमान चार माणसं हवीत. लुईझियानात तर नोटरी ही वेगळीच संस्था आहे. तिथला अधिकृत दस्त नोटरी आणि तिच्याव्यतिरिक्त दोन साक्षीदार यांच्यासमोर होतो. मी न्यू जर्सीत बसून या तिन्ही राज्यांचे कागद हाताळते, कारण कागद कुठल्याही राज्यातून येऊ शकतो. माझा शिक्का फक्त न्यू जर्सीच्या हद्दीत चालतो, पण साक्षीदारांचा नियम कागद जिथे वापरायचा त्या राज्याचा. म्हणून मी वकिलांचं ईमेल मागून घेते, ‘नोटरी साक्षीदारांपैकी एक असली तर चालेल’ असं त्यात लिहिलेलं असलं की माझी झोप शाबूत राहते.

आता माणूस आणण्याबद्दल. माझे हक्काचे साक्षीदार म्हणजे आमचे ‘अहो’. निवृत्त झाल्यापासून ते गाडीत थर्मास आणि कोडी सोडवायचं पुस्तक घेऊन बसतात आणि मी खूण केली की आत येतात. पूर्वी मी त्यांना घेऊन जायची तेव्हा ते यजमानांशी गप्पा मारत बसायचे, गाव कुठलं, आडनाव कुठलं, कोकणातले की घाटावरचे. एकदा ते गावाच्या गप्पांत असतानाच समोरच्या आजोबांनी सही केली, आणि हे म्हणाले, ‘झाली का? द्या इकडे.’ मी म्हटलं, नाही. तुम्ही पाहिलं नाहीत. नवीन पान छापून घ्यायला लावलं आणि आजोबांना पुन्हा सही करायला लावली. घरी येईपर्यंत गाडीत कोणी बोललं नाही. आता त्यांचे नियम ठरलेत: चष्मा, लायसन्स, निळं पेन, तोंड बंद, नजर सही करणाऱ्याच्या हातावर.

नवरा साक्षीदार असणं बेकायदा नाही, कारण कागदात त्याचा लाभ नाही आणि माझाही नाही. पण ज्या घरात भावाभावांत कुरबूर आहे असा वास येतो, तिथे मी यांना नेत नाही. उद्या कोर्टात ‘नोटरी आणि तिचा नवरा, दोघंच’ असं वकिलाने म्हटलं तर ते चांगलं दिसत नाही. अशा वेळी मी दुसऱ्या नोटरीला बोलावते. आमच्या भागात आम्ही चार-पाच जणी एकमेकींच्या साक्षीदार होतो. काम काय आहे ते त्यांना समजावून सांगावं लागत नाही, हा मोठा फायदा.

पैशांचं सांगते, कारण तिथेच लोक दुखावतात. न्यू जर्सीत नोटरीच्या कृतीमागे कायद्याने २.५० डॉलर घेता येतात. न्यूयॉर्कात २, फ्लोरिडात १०, कॅलिफोर्नियात १५. ते ऐकून लोक म्हणतात, ‘अडीच डॉलरच्या कामाला तुम्ही ८० कशा सांगता?’ उरलेले प्रवासाचे आणि वेळेचे असतात, आणि ते मी आधीच ठरवून घेते. साक्षीदाराचे ३० डॉलर मी वेगळे लिहिते आणि ते पूर्ण त्याच्याच हातात जातात. एवढ्याने तो विकत घेतलेला साक्षीदार होत नाही, तो त्याच्या संध्याकाळचा मोबदला. ‘काम झालं तरच देऊ’ असं कोणी म्हटलं की मात्र मी साक्षीदार आणत नाही. सही झाली काय, आजोबांनी ऐनवेळी नाही म्हटलं काय, साक्षीदाराला पैसे तेवढेच मिळाले पाहिजेत. सही व्हावी यात त्याचा फायदा असला की तो साक्षीदार राहत नाही.

कर्जाच्या कागदांच्या ऑर्डरी पाठवणाऱ्या कंपन्यांचा एक वेगळाच खेळ असतो. मालमत्ता फ्लोरिडाची, जॉर्जियाची किंवा कनेक्टिकटची असली की पॅकेजमध्ये साक्षीदाराची ओळ येते. ऑर्डरवर लिहिलेलं असतं ‘साक्षीदार कर्जदार आणेल’. कर्जदाराला हे कोणी कळवलेलं नसतं. रात्री आठला मी पोचते, १४० पानांचा गठ्ठा उघडते, आणि तो माणूस विचारतो, कसला साक्षीदार? मग कंपनीचा फोन: ‘तुम्हीच कुणीतरी बघा ना.’ जास्तीचे पैसे? नाहीत. म्हणून आता ऑर्डर घेतानाच मी पहिल्यांदा मालमत्तेचं राज्य पाहते, दर नंतर. आणि कर्जदाराला स्वतः आदल्या दिवशी फोन करते. शेजाऱ्याचं दार रात्री साडेआठला वाजवणं अमेरिकेत फार अवघड असतं हो. आपल्या चाळीत ही अडचण आली नसती.

दवाखान्यातली सही हा स्वतंत्र विषय आहे. लोकांना वाटतं तिथे नर्सा आहेत, वॉर्डबॉय आहेत, साक्षीदारांना काय तोटा? बहुतेक रुग्णालयांमध्ये कर्मचाऱ्यांना साक्षीदार व्हायला मनाई असते, आणि ती रास्तही आहे. शिवाय वैद्यकीय निर्णयांच्या कागदांचे स्वतःचे नियम. न्यू जर्सीत आणि न्यूयॉर्कमध्ये, तुमच्या वतीने निर्णय घ्यायला ज्याला नेमलंय तो त्याच कागदाचा साक्षीदार होऊ शकत नाही. आणि घरचे लोक तर नेमकं त्याच मुलीला पुढे करतात, कारण खोलीत ती एकटीच असते. कॅलिफोर्नियात रुग्ण नर्सिंग होममध्ये असेल तर तिथल्या रुग्णहक्क प्रतिनिधीलाही साक्षीदार म्हणून सही करावी लागते. दवाखान्याच्या कामाला मी दोन माणसं बरोबर घेऊनच जाते, लागली नाहीत तरी. गेल्या वर्षी एका आजींच्या खोलीत दुसरा साक्षीदार ऐनवेळी आला नाही, तेव्हा शेजारच्या पलंगावरच्या रुग्णाला भेटायला आलेला एक पंजाबी मुलगा आपणहून उभा राहिला. सही पाहिली, सही केली, पैसे घेतले नाहीत, आजींना ‘जल्दी ठीक हो जाओ’ म्हणाला आणि गेला. कायद्याच्या दृष्टीने असा साक्षीदार सर्वात चांगला: कोणाचा कोण नाही.

पण मृत्युपत्राला मी असा वाटसरू साक्षीदार घेत नाही, आणि माझी माणसंही देत नाही, जोवर वकील स्वतः समोर बसून ते करून घेत नाही. डीडला साक्षीदार ही बहुतेक वेळा नोंदणीची अट असते. मृत्युपत्राला साक्षीदार हाच खरा आधार असतो, कारण सही करणारा नंतर बोलायला नसतो. त्या दिवशी आजोबा शुद्धीत होते का, कोणी दबाव टाकत होतं का, हे पंधरा वर्षांनी त्याला विचारलं जाऊ शकतं. माझे अहो तेव्हा काय सांगणार, की घर बेज रंगाचं होतं? शिवाय साक्षीदाराला मृत्युपत्रात काही मिळत असेल तर मोठी अडचण. न्यूयॉर्कात तर त्याला दिलेलं सहसा रद्द होतं. त्यामुळे ‘आमचा भाचा आहे ना, तोच सही करेल’ हे ऐकलं की मी विचारते, भाच्याला काय ठेवलंय? एकदा उत्तर आलं, ‘फक्त गाडी.’

भारतातल्या मालमत्तेसाठी इथे केलेलं मृत्युपत्र असेल तर अजून विचार करा. १९२५ च्या भारतीय वारसा कायद्यात त्याला किमान दोन साक्षीदार लागतात, नोटरी लागत नाही. वेळ आली की त्यांच्यापैकी कोणाला तरी शोधावं लागतं. माझ्या यादीतला माणूस तुमच्या मुलांना पुण्याच्या कोर्टासाठी कुठे सापडणार? तिथे तुमच्यापेक्षा वयाने लहान, ओळखीचा, संपर्कात राहील असा माणूस घ्या.

पुण्याचा फ्लॅट विकायला भावाला द्यायची पॉवर ऑफ ॲटर्नी मात्र माझ्याकडे आठवड्याला एक तरी येते. तिच्या शेवटच्या पानावर दोन साक्षीदारांची जागा असते, नाव, पत्ता, सही. लोक म्हणतात, ॲपोस्टिल (कागद परदेशात चालावा म्हणून मिळणारा सरकारी दाखला) होणारच आहे, साक्षीदार कोणीही टाका. ॲपोस्टिल राज्य सरकार देतं, न्यू जर्सीत ट्रेझरी खातं. आणि ते फक्त एवढंच सांगतं की या कागदावरची नोटरीची सही आणि शिक्का खरा आहे. साक्षीदाराबद्दल त्यात एक अक्षर नसतं. साक्षीदाराचा पत्ता अपुरा आहे, नाव वाचता येत नाही, असं म्हणून तिकडे दुय्यम निबंधकाच्या टेबलावर कागद अडलेले मी ऐकले आहेत. तेव्हा तिथल्या वकिलांना आधी विचारा की साक्षीदारांच्या पासपोर्टच्या प्रती जोडायच्या का. आणि हेही लक्षात ठेवा की परदेशात केलेला कागद महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक लावून घ्यावा लागतो. तो बहिणीच्या कपाटात पडून राहिला की मग फोन मला येतो.

आणि एक नेहमीची विनंती: ‘साक्षीदार उद्या सही करून देतील, तुम्ही आज शिक्का मारून ठेवा.’ किंवा उलट, साक्षीदाराने सकाळीच ऑफिसला जाताना कोऱ्या ओळीवर सही करून ठेवलेली. दोन्हीला नाही. २०२० च्या एप्रिल-मे महिन्यांत, सगळे घरात कोंडलेले असताना, आम्ही गाडीच्या बॉनेटवर सह्या घेतल्या, साक्षीदार दहा फुटांवर हातमोजे घालून उभा, पण उभा होता आणि पाहत होता. तेव्हा जमलं, तर आता दिवाणखान्यात जमायला काय हरकत आहे?

तुमच्या सासऱ्यांच्या बाबतीत मी काय करेन ते सांगते. डीड तुमच्या यजमानांच्या नावे होतेय, म्हणजे ते साक्षीदार नकोतच. तुम्हीही नको, तुम्ही त्याच घरातल्या. कागद बाद होईल असं मी म्हणत नाही, तो निर्णय वकिलांचा, पण पुढे नणंदेने शंका काढली तर तुमची सही तुमच्याच विरुद्ध जाईल. शेजारचं कोणी घ्या, किंवा नोटरीबाईंचा माणूस येऊ द्या. त्याला लायसन्स बरोबर ठेवायला सांगा. साक्षीदाराचं ओळखपत्र पाहायची कायद्याने सक्ती नसते, तरी मी पाहते आणि नाव माझ्या नोंदवहीत शेऱ्यात लिहिते. २०२१ च्या कायद्यापासून न्यू जर्सीत नोंदवही सक्तीची आहेच, त्यात एक ओळ जास्त.

ओळखीचा प्रश्न वेगळा सोडवा. एडिसनमध्ये सासऱ्यांना वर्षानुवर्षं ओळखणारं कोणी आहे का? मराठी मंडळातले जुने मित्र, त्यांच्याबरोबर काम केलेले कोणी, ज्यांना या कॉन्डोत काही मिळत नाही? ते स्वतःचं चालू ओळखपत्र घेऊन आले आणि नोटरीसमोर शपथेवर म्हणाले की मी यांना व्यक्तिशः ओळखतो, तर न्यू जर्सीत ओळख पटवायला ते चालतं. पण ओळख शपथेवर पटवलेली डीड चालेल का, हे वकिलांना आधी लिहून विचारा. ते नाही म्हणाले तर लायसन्सची दुसरी प्रत किंवा पासपोर्ट येईपर्यंत थांबा, कॉन्डो कुठे पळून जात नाही. मित्र आले तरी त्यांना फक्त ओळखीसाठी ठेवा, कागदाचा दुसरा साक्षीदार वेगळा घ्या. एकाच माणसाकडून दोन कामं करून घेतली की नंतर कोणती सही कशासाठी होती यावर वाद होतो.

त्या दिवशी टीव्ही बंद ठेवा. सासऱ्यांनी सही करताना दोन्ही साक्षीदार टेबलाशी हवेत, चहा नंतर. आधी बाबा, मग साक्षीदार, सर्वात शेवटी नोटरी. साक्षीदारांची नावं सहीखाली छापल्यासारखी स्वच्छ अक्षरात आणि त्याखाली पत्ता. आणि नोटरीच्या चौकटीत वर ‘स्टेट ऑफ फ्लोरिडा, काउंटी ऑफ ऑरेंज’ असं छापलेलं असण्याची दाट शक्यता आहे. तिथे सही जिथे होतेय ती जागा यायला हवी: न्यू जर्सी, मिडलसेक्स. नोटरीबाईंनी ते खोडून, दुरुस्त करून आद्याक्षरं टाकली तर घाबरू नका. त्यांनी ते केलं नाही, तर मात्र तुम्हीच बोट ठेवून दाखवा.